पडद्यापुढची पावलं

स्मृतिभ्रंशाचा विषय निघाला की आपण आठवणींवर बोलतो. नातवाचं नाव सुचत नाही, जेवण झालं की नाही ते ध्यानात राहत नाही, कधीच्या गेलेल्या भावाला हाका मारणं सुरू होतं. पण असं माणूस ज्या घरात आहे, त्या घरच्या सुनेशी चार शब्द बोलून पाहावेत. तिची पहिली तक्रार बहुतेक वेळा दुसरीच असते. "उठतच न्हाईत हो. बसवलं की बसूनच." शिराळा तालुक्यात सत्तरीची माणसंही भाताच्या खाचरात उतरतात, वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन येतात. अशा मुलखात हे बसून राहणं लगेच डोळ्यांवर येतं. मोरणेकाठच्या रानात रोज एक फेरी मारणारा माणूस सोप्यातल्या खुर्चीत बसतो आणि दिवेलागणीपर्यंत तिथंच असतो. घरचे म्हणतात वय झालं, शेजारचे म्हणतात म्हातारचळ लागला.

पुढचं सगळं ठरल्यासारखं घडत जातं. मांड्यांतलं बळ जातं, दिवसा डुलक्या आणि रात्री जागरण सुरू होतं, पोट साफ होत नाही, उभं राहताना तोल जातो. स्मृतिभ्रंश असलेल्यांचं पडण्याचं प्रमाण त्याच वयाच्या इतरांच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त असतं. एक दिवस मोरीत पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं आणि माणूस अंथरूण धरतो. मेंदूचा आजार आपल्या गतीनं चाललेलाच असतो, पण अंथरूण लवकर धरायला लावतं ते हे न हलणं.

व्यायाम करा, हा सल्ला डॉक्टर देतात. तो ऐकणारं माणूस मात्र सल्ला दवाखान्याच्या पायरीवरच विसरलेलं असतं. "दहा वेळा पाय उचला" म्हटलं तर तिसऱ्या वेळेला आपण काय करत होतो हेच हरवतं. या अडचणीतून गेल्या पंधरा-वीस वर्षांत एक वाट निघाली : शरीर हलवून खेळायचे व्हिडिओ गेम. पडद्यावर काहीतरी येतं, त्याला उत्तर म्हणून पाऊल टाकायचं, हात उचलायचा, पेडल मारायचं. पुढे काय करायचं हे लक्षात ठेवण्याचं ओझं पडदा घेतो, माणसाकडे फक्त हालचाल उरते. युरोप-अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत आणि दिवसभराच्या काळजी केंद्रांत यावर बरंच काम झालं. त्याचा हिशेब शिराळ्यात बसून मांडायचा तर माझं मत आधीच सांगतो. या खेळांनी गेलेली आठवण परत येत नाही. ते माणसाला उठवतात, आणि या आजारात उठणं ही मोठी कमाई आहे. पण उठवण्याचं काम एकटा पडदा करत नाही, आणि संशोधनाच्या बातम्यांतून नेमकी हीच गोष्ट गळते.

आधी आपल्याकडच्या आजाराचा आवाका पाहू. लासी-डॅड या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. हे शेवटचे दोन शब्द शिराळ्यानं नीट ऐकावेत. या तालुक्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं मुंबईला गेली, आधी गिरण्यांत, मग माथाडी कामाला. आजही पोरं पुण्या-मुंबईला आणि मागं म्हातारी दोघं, अशी घरं गावोगाव आहेत. डोनेपेझिलसारख्या गोळ्या काही जणांना काही काळ थोडा आधार देतात. अमेरिकेत मंजूर झालेली नवी औषधं सुरुवातीला तरी शिरेतून द्यावी लागतात, त्यासाठी वारंवार एमआरआय करावा लागतो. ती वारणेच्या खोऱ्यातल्या घरापर्यंत पोचायला काळ जाईल. तोवर हाताशी आहे ती काळजी आणि हालचाल.

इथं एक गफलत टाळली पाहिजे. स्मृतिभ्रंश होऊ नये म्हणून केलेला व्यायाम आणि झाल्यावर केलेला व्यायाम हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि वर्तमानपत्रं ते सर्रास एकत्र करतात. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणं सांगितली. ऐकू कमी येणं, कमी शिक्षण, रक्तदाब, मधुमेह यांच्याबरोबर बैठं आयुष्यही त्यात आहे. ती सगळी आटोक्यात आली तर सुमारे ४५ टक्के प्रकरणं टळू किंवा लांबू शकतील, असा आयोगाचा हिशेब आहे. हा झाला पहिल्या प्रश्नाचा भाग. पडद्यापुढे सायकल मारण्यावरचा गाजलेला अमेरिकन प्रयोगही (२०१२) याच बाजूचा. त्यातली वृद्ध माणसं स्मृतिभ्रंशाची रुग्ण नव्हती. त्यांच्यापैकी पडद्यावरच्या रस्त्यानं सायकल चालवणाऱ्यांची विचारांची पकड साध्या व्यायामाच्या सायकलवाल्यांपेक्षा जास्त सुधारली. तो निष्कर्ष उचलून रुग्णांच्या घरी नेता येत नाही. या लेखाचा प्रश्न आजार झाल्यानंतरचा आहे.

खेळांचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखाच आहे. पायांनी खेळायची चटई जपानमध्ये १९८६ मध्येच निघाली होती. १९९८ मध्ये बाणांवर नाचायचं यंत्र आलं आणि जगभरच्या पोरांनी त्यावर टाचा झिजवल्या. म्हाताऱ्यांपर्यंत हा प्रकार पोचला तो २००६ मध्ये निन्टेंडोचं 'वी' आल्यावर. हातातला रिमोट फिरवला की पडद्यावरचा चेंडू घरंगळतो, एवढं साधं ते होतं. अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत त्यावर बोलिंगच्या स्पर्धा रंगू लागल्या. पाठोपाठ 'वी फिट' आणि त्याची फळी आली. फळीच्या चार कोपऱ्यांत दाब मोजायची सोय होती, त्यामुळे उभ्या माणसाचा भार कुठल्या पायावर आहे ते पडद्यावर दिसे. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टनं 'किनेक्ट' काढला. हा अदृश्य किरणांनी माणसाचे सांधे ओळखणारा कॅमेरा होता, त्यात हातात काही धरायचीही गरज उरली नाही. २०१७ मध्ये त्याचं उत्पादन बंद झालं. आज ज्यांचे निष्कर्ष आपण वाचतो त्यांतले बरेच प्रयोग अशा बंद पडलेल्या यंत्रांवर झाले आहेत. म्हणून यंत्राच्या नावात अडकण्यात अर्थ नाही. त्यानं माणसाकडून काय करून घेतलं ते पाहायचं.

आता प्रयोगांकडे वळू. ते वाचताना एकच प्रश्न हाताशी ठेवला तरी पुष्कळ उलगडा होतो : खेळणाऱ्यांची तुलना कुणाशी केली?

अमेरिकेत कल्पना आणि प्रसाद पडाला या डॉक्टर दांपत्यानं सौम्य अल्झायमर असलेल्या २२ जणांवर एक छोटा प्रयोग केला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्धे लोक 'वी फिट'वर तोल सांभाळायचे खेळ खेळले, अर्धे चालायला गेले. आठवडे आठ, दिवस आठवड्याला पाच, वेळ रोज अर्धा तास. खेळणाऱ्यांचा तोल सुधारला, पण चालणाऱ्यांपेक्षा निश्चित सरस म्हणावा असा फरक दिसला नाही. पुढे २०१७ मध्ये त्यांनी हाच प्रयोग ३० जणांच्या घरी नेला, देखरेखीला घरचं माणूस ठेवलं. या वेळी तोलाच्या बाबतीत खेळ चालण्याच्या पुढे गेला. मला हा दुसरा प्रयोग मोलाचा वाटतो. त्यात संस्थेतला कर्मचारी नव्हता, खेळ घरातच झाला आणि शेजारी बायको, नवरा किंवा लेक उभी होती.

बेल्जियममधला २०२१ चा प्रयोग सगळ्यांत उत्साह वाढवणारा. काळजी केंद्रात कायमचं राहणारी ४५ माणसं, वयं पंच्याऐंशीच्या आसपास. दाब ओळखणारा एक चौथरा, भोवती धरायला कठडा, समोर पडदा. पडद्यावर डावीकडे खूण आली की डावं पाऊल बाहेर टाकायचं आणि परत मध्यावर यायचं. मग उजवीकडे, पुढे, मागे. माणूस गोंधळला की खेळाचा वेग उतरतो, सरावला की चढतो. आठवड्यातून तीनदा, फक्त १५ मिनिटं, आठ आठवडे. शेवटी मोजलं तेव्हा चालण्याचा वेग वाढला होता, पाऊल पटकन पडत होतं, उदासी कमी झाली होती आणि बुद्धीच्या चाचणीतले गुणही वर गेले होते. पंच्याऐंशीच्या माणसांत १५ मिनिटांनी एवढं होत असेल तर ते मनावर घेण्यासारखं आहे. मात्र तुलनेतली माणसं काय करत होती? ती बसून संगीताचे व्हिडिओ पाहत होती. म्हणजे हा सामना हलणं विरुद्ध बसणं असा होता. पडदा नसता आणि कुणी हाताला धरून तीच पावलं टाकून घेतली असती तर काय झालं असतं, याचं उत्तर त्यात नाही.

नेदरलँड्समध्ये हा प्रश्न जास्त नेटानं विचारला गेला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ११५ रुग्णांचे तीन गट केले. एक गट पडद्यावरच्या रस्त्यानं सायकल चालवत वाटेतली कोडी सोडवणारा, दुसरा नुसती सायकल मारणारा, तिसरा हातपाय ताणायचे हलके व्यायाम करणारा. बारा आठवडे झाले. दोन्ही सायकलवाल्यांची चपळाई तिसऱ्या गटापेक्षा वाढली. आठवण मात्र कुठल्याच गटात सुधारली नाही. शरीराचा एकूण कमकुवतपणा मोजला तेव्हा पडद्यावाला गट पुढे निघाला.

दुसरा डच प्रयोग २०२० चा, आणि माझ्या मते सबंध विषयातला सगळ्यांत शिकवणारा. दिवसभराच्या काळजी केंद्रांत येणाऱ्या ११२ जोड्या त्यात होत्या, प्रत्येक जोडीत रुग्ण आणि त्याला घरी सांभाळणारं माणूस. काही केंद्रांत पडद्यासमोरची सायकल आणली, बाकीच्यांत नेहमीचे कार्यक्रम चालू ठेवले. मुख्य अपेक्षा होती की हालचाल वाढेल, चालणं सुधारेल. दोन्हींत ठसठशीत फरक पडला नाही. फरक दिसला तो दुय्यम म्हणून मोजलेल्या काही गोष्टींत : रुग्णांची बुद्धी थोडी तरतरीत राहिली, आणि घरी सांभाळणाऱ्यांचा त्रास हलका झाला, आपल्याला हे झेपतंय ही भावना वाढली. संशोधनाच्या भाषेत मुख्य निकाल नकारात्मक आहे आणि तसाच तो सांगितला पाहिजे. पण शिराळ्यातल्या त्या सुनेच्या जागी उभं राहून वाचलं तर दुय्यम म्हटलेली गोष्ट दुय्यम राहत नाही.

आशा लगामात ठेवण्यासाठी एक ब्रिटिश प्रयोग प्रत्येकानं जवळ बाळगावा. त्यात खेळ नव्हता, होता तो खराखुरा कडक व्यायाम. सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंशाच्या ४९४ जणांपैकी दोन-तृतीयांश लोकांना चार महिने व्यायामशाळेत सायकल आणि वजनं करायला लावली. बाकीच्यांची नेहमीची काळजी चालू ठेवली. निकाल २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. शरीराचा दम वाढला, पण बुद्धीची घसरण थांबली नाही. उलट वर्षअखेरीला व्यायाम करणाऱ्यांचे गुण किंचित वाईटच होते. त्याआधी झालेले प्रयोग एकत्र तोलणाऱ्या २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यानंही साधारण हेच सांगितलं होतं. व्यायामानं रोजची कामं करण्याची क्षमता टिकायला मदत होऊ शकते, बुद्धी सुधारल्याचा भरवशाचा पुरावा नाही. म्हणून कुणी "हा गेम खेळवा, बाबांची स्मरणशक्ती परत येईल" असं म्हणत यंत्र विकायला आलं तर त्याला चहा पाजावा आणि परत पाठवावं.

मग या खेळांत काम कोण करतं? प्रयोग शेजारी शेजारी ठेवले तर माझ्या नजरेला तीन गोष्टी येतात. पहिली म्हणजे लक्ष आणि पाऊल एकाच वेळी वापरावं लागणं. चालता चालता कुणी हाक मारली की म्हातारं माणूस थबकतं किंवा अडखळतं, कारण दोन कामं एकदम सांभाळणं मेंदूला जड जातं. खूण पाहून पाऊल टाकण्यात नेमका याचाच सराव होतो. दुसरी म्हणजे ताबडतोब मिळणारं उत्तर. पाऊल बरोबर पडलं की आवाज होतो, रंग उजळतो. ज्याला पाच मिनिटांपूर्वीचं आठवत नाही त्याला उद्याच्या फायद्याचं आमिष दाखवून उपयोग नसतो, त्याला याच क्षणी काहीतरी परत मिळावं लागतं. तिसरी गोष्ट म्हणजे शेजारी उभं असलेलं माणूस. कुठलाही यशस्वी प्रयोग घ्या, त्यात कुणीतरी हात धरायला, "आता इकडं" म्हणायला, चुकलं तर हसून पुढं न्यायला होतंच. प्रयोगांच्या मथळ्यांत यंत्राचं नाव येतं, या माणसाचं येत नाही.

या तीन गोष्टी घेऊन श्रावणात शिराळ्याकडे पाहावं. नागपंचमीनं या गावाचं नाव देशभर केलं ते नागांमुळे. पण त्याच सणाला बायका फेर धरतात, झिम्मा खेळतात, झोके घेतात. झिम्मा जरा जवळून पाहा. दोघी समोरासमोर उभ्या. आपली टाळी, मग समोरचीच्या तळव्यावर टाळी, मग कमरेत वाकून टाळी, मग गिरकी घेऊन जागा बदलायची, आणि गाणं चालूच. भार या पायावरून त्या पायावर जातो, मान वळते, डोळे समोरच्या हातांवर खिळलेले असतात. टाळी चुकली तर तळवा हवेत जातो आणि चूक तिथल्या तिथं कळते. समोरची म्हातारी असेल तर तरणी बाई न सांगता वेग उतरवते. बेल्जियममधल्या चौथऱ्याला याच कामासाठी सॉफ्टवेअर लागलं.

झिम्म्याला मी औषध म्हणत नाही. मुद्दा असा की ही हालचाल इथल्या ऐंशीच्या बाईच्या अंगात लहानपणापासून मुरलेली आहे. अल्झायमरमध्ये घटनांची आठवण लवकर जाते, पण सवयीनं अंगवळणी पडलेली कौशल्यं आणि चाली पुष्कळ काळ टिकतात, कारण मेंदूतले त्यांचे भाग उशिरा ग्रासले जातात. जिला सून ओळखू येत नाही ती ओवीचा पहिला सूर ऐकून दुसरी ओळ म्हणते, हे अनेक घरांनी अनुभवलेलं आहे. पुरुषांसाठी लेझीम आहे. आज पंचाहत्तरीत असलेल्या कित्येकांनी ती शाळेच्या मैदानावर केलेली आहे, मिरवणुकीत नाचवलेली आहे. आणि दोघांसाठी हरिपाठातली पावली आहे. मृदंगाच्या ठेक्यावर एक पाऊल पुढे, एक मागे, मग वळण. ठोक्यावर पाऊल टाकल्यानं चाल सुधारते हे पार्किन्सनच्या रुग्णांमध्ये नव्वदच्या दशकापासून दाखवलं गेलं आहे. वारकऱ्यांना ते कुणी शिकवायला नको.

मग पडदा हवाच कशाला? एवढ्या पुढे मी जाणार नाही. झिम्म्याला मेळा लागतो, सण लागतो. म्हातारीला मंगळवारी दुपारी तीनला उठवायचं तर त्या वेळी गल्लीत बाया नसतात, त्या रानात असतात. पडदा केव्हाही हजर असतो, शंभराव्यांदा तेच सांगताना त्याचा आवाज चढत नाही, आणि आज किती पावलं पडली याची नोंद ठेवतो. घरच्या माणसासमोर चुकायची लाज वाटणारे काही पुरुष पडद्यासमोर मोकळे होतात. शिवाय आता वेगळं यंत्रही लागेनासं झालं आहे. गूगलच्या मीडियापाइपसारख्या मोफत साधनानं साध्या मोबाइलचा कॅमेरा अंगावरचे ३३ बिंदू ओळखतो, आणि टीव्ही तर घरोघरी आहे. खोळंबा आहे तो पडद्यावर काय दाखवायचं याचा.

याचं चांगलं उत्तर नॉर्वेतल्या बर्गेनहून आलं. तिथल्या एका कंपनीनं वृद्धाश्रमांत खुर्चीत बसून मारायचं पेडल आणि समोर मोठा पडदा ठेवला. पडद्यावर त्या माणसाच्या लहानपणच्या गावातले रस्ते चालू लागतात, जोडीला त्या काळची गाणी. पेडल मारत माणूस आपल्या शाळेवरून, चर्चवरून जातो आणि बोलू लागतो. शिराळ्यात हे करायला फार काही लागत नाही. पेडलचा साधा संच दोन-तीन हजारांत मिळतो. मोटरसायकलवर मोबाइल बांधून एखादा पोरगा शिराळ्याहून चांदोली धरणापर्यंतचा रस्ता टिपेल, गोरक्षनाथाच्या मंदिराकडची वाट टिपेल, आठवडी बाजारातून सावकाश एक फेरी टिपेल. परदेशी स्की घसरगुंडी आणि बोलिंगची गल्ली पाहून इथल्या आजोबांचा पाय हलायचा नाही. बाजाराची वाट दिसली तर हलेल.

चित्रं निवडताना मात्र फार जपायला हवं. या आजारात डोळे चांगले असले तरी दिसतं त्याचा अर्थ लावणं बिघडतं. चकचकीत फरशी पाणी वाटते, काळी सतरंजी खड्डा वाटतो. काही प्रकारांत नसलेली माणसं आणि प्राणीही दिसतात. जमिनीवर प्रकाश टाकून खेळवायचे खेळ निघाले आहेत. त्यांत उद्या कुणी हौसेनं शिराळ्यासाठी म्हणून सरपटणारा नाग घातला तर? इथल्या ऐंशी वर्षांच्या माणसानं जिवंत नाग हातभरावरून पाहिला आहे. तो एक तर हात जोडून थांबेल किंवा घाबरून मागं सरकेल, आणि मागं सरकताना पडेल. 'आपलं' चित्र नेहमी सुरक्षित असतंच असं नाही. तसंच कार्टून आणि बोबडे आवाज. स्मृतिभ्रंशाच्या माणसाला लहान मूल समजणं हा आपल्याकडचा सार्वत्रिक दोष आहे. ज्यानं चाळीस वर्षं माथाडी बोर्डाचं टोकन सांभाळलं, त्याच्यापुढे टाळ्या वाजवणारा ससा नाचवू नये. 'चूक' म्हणणारी लाल फुलीही नको. पाऊल पडलं की पुरे.

बाकी खबरदारी साधी आहे. भिंतीला पाठ लावून भक्कम खुर्ची, हाताशी आधार, पायात घट्ट चप्पल, खाली ओली किंवा घसरती फरशी नको. एका वेळी एकच सूचना. गुडघे फार दुखत असतील तर बसून खेळ. चक्कर, दम, छातीत दुखणं दिसलं की लगेच थांबायचं. फिट येणाऱ्या माणसासाठी लुकलुकणारे दिवे टाळायचे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उठल्या उठल्या खेळ नको. खेळवणाऱ्यानं समोर टीव्हीजवळ थांबू नये, बाजूला हात पोचेल असं उभं राहावं. आजार फार पुढे गेला असेल, उभं राहणंच जमत नसेल, तर नेदरलँड्सनं टेबलावर प्रकाश टाकून हातांचा खेळ काढला आहे. टेबलावर पानं पडतात, हातानं सारली की सरकतात. ते यंत्र महाग आहे. आपल्याकडे आजीच्या पुढ्यात सूप ठेवावं आणि मूठभर तांदूळ निवडायला द्यावेत. बोटं आपोआप चालू लागतात आणि घरातलं काम केल्याचा मानही मिळतो.

सगळेच बसून राहतात असंही नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' चित्रपटात मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतचे विद्वान अप्पा हत्तीमागे चालत सुटतात. दिवस मावळायला लागला की अस्वस्थ होऊन घराबाहेर पडणारी माणसं गावोगाव आहेत. शिराळ्याच्या बसस्थानकावर असा एखादा चुकार म्हातारा कंडक्टर ओळखतात आणि घरी पोचवतात. अशा माणसासाठी दुपारच्या चहानंतर पडद्यापुढचा किंवा अंगणातला पंधरा मिनिटांचा खेळ, बाहेर पडायची वेळ यायच्या आधी, करून पाहण्यासारखा आहे.

हे सगळं घरोघरी पोचवणार कोण? याचं सगळ्यांत जवळचं उदाहरण गोव्यात घडलं आहे, आणि त्यात पडदा नव्हताच. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांबरोबर केलेलं हे काम २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांनी स्थानिक, बेताच्या शिकलेल्या बायकांना थोडं प्रशिक्षण दिलं. त्या घरी जायच्या, आजार समजावून सांगायच्या, रोजची कामं कशी करून घ्यायची ते दाखवायच्या, चिडचीड कशी हाताळायची ते सांगायच्या. पाठीशी डॉक्टर होते. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं, रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला. डच सायकलीनं जे साधलं त्याच जातीचं यश दारात येणाऱ्या बाईनं मिळवलं.

म्हणून शिराळ्यासाठी मी यंत्रापासून सुरुवात करणार नाही. सुरुवात आशाताईंपासून व्हावी. त्या घरं ओळखतात, कुठल्या घरात म्हातारं माणूस अबोल झालंय हे त्यांना दवाखान्याआधी कळतं. कराडला कृष्णा विद्यापीठाचं फिजिओथेरपी महाविद्यालय आहे, शिराळ्याहून एसटीनं जाऊन-येऊन दिवस होतो. तिथल्या विद्यार्थ्यांनी दोन-चार गावांतल्या आशाताईंना पंधरा मिनिटांचा एक क्रम शिकवावा : बसून पेडल, उठून खुर्चीला धरून पावली, जमलं तर झिम्म्याच्या चार टाळ्या. आठवड्यातून तीनदा. ज्या घरी टीव्ही आणि मोबाइल आहे तिथं बाजाराच्या वाटेची फिल्म लावावी. वेगळे पैसे आशाताईंना मिळालेच पाहिजेत. त्यांच्या डोक्यावर आधीच कामांचा डोंगर आहे, आणि फुकटात आणखी एक काम लादलं तर ते दोन महिन्यांत कागदावर उरेल.

आणि मोजावं. त्याला महागडी साधनं लागत नाहीत. हात छातीशी घेऊन खुर्चीतून पाच वेळा उठायला किती सेकंद लागतात, चार मीटर चालायला किती लागतात, महिन्यात किती वेळा पडले. सांभाळणाऱ्या बाईला विचारावं की रात्री झोप किती मिळते, रडू किती वेळा येतं. आठ आठवड्यांनी पुन्हा तेच. तुलना करताना बेल्जियमसारखी बसलेल्या माणसांशी करू नये. निम्म्या घरांत पडदा आणि पावली, निम्म्या घरांत नुसती पावली, आणि दोन्हीकडे तीच आशाताई तेवढाच वेळ. पडदा सरस निघाला तर ग्रामपंचायतीनं खुशाल टीव्ही आणि पेडल घ्यावं. दोन्ही सारखेच निघाले तर ते पैसे आशाताईंच्या मानधनात घालावेत.